मामांची ट्रंक आणि महिन्याचे अडीच हजार

पत्र : वय 31, नोकरी आयटीत, राहतो ठाण्यात वन बीएचकेमध्ये. वर्षभरापासून इंग्रजी कॉमिक्सचा नाद लागलाय. महिन्याला फार तर अडीच हजार त्यावर घालवू शकतो. मित्र म्हणतात, खरा शौकीन सुटे अंकच घेतो, जाड खंड घेणं म्हणजे शिळं खाणं. मला मात्र खंड परवडतात आणि वाचायलाही बरे वाटतात. 'द वॉकिंग डेड' आणि 'सागा' या दोन मालिका यंदा वाचायच्या आहेत. दुसरं म्हणजे, मामांनी त्यांची ट्रंक मला देऊन टाकली. आत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे शंभरेक अंक आहेत. बहुतेक वेताळ (म्हणजे फँटम), थोडे मॅन्ड्रेक आणि बहादूर. आई म्हणते बाइंडिंग करून टाक. वेताळाचे तर अमेरिकेत आता जाड खंड निघालेत, मग हे जपायचे तरी कशाला, असंही मनात येतं. आणि भाची आठ वर्षांची आहे. तिला अमर चित्र कथा सुट्या द्याव्यात की संच?
– एक ठाणेकर

प्रिय ठाणेकर,

मित्रांचं आधी निकालात काढू. शौक खरा की खोटा हे ठरवायला कुणी बसलेलं नाही, आणि बसलंच तर ते तुमच्या पैशाने बसू नये. सुटा अंक की खंड, हा प्रश्न प्रत्येक मालिकेपाशी नव्याने विचारायचा असतो आणि तो असा विचारायचा : या सुट्या अंकात असं काय आहे, जे खंडात नाही? 'फारसं काही नाही' असं उत्तर आलं, की डोळे मिटून खंड घ्या. तुमच्या पत्रातल्या अमेरिकन मालिकांना हेच उत्तर लागू आहे. मामांच्या ट्रंकेला नेमकं उलटं.

थोडा हिशेब करू. अमेरिकन मासिक अंक असतो 32 पानांच्या आसपास. त्यातून जाहिराती वजा केल्या की गोष्टीची पानं उरतात वीस-बावीस. छापील किंमत बहुधा 3.99 डॉलर, हल्ली बरेचदा 4.99. आजच्या भावाने एक अंक साडेतीनशेच्या घरात जातो, इथवर आणण्याचा खर्च आणि दुकानदाराचा नफा वेगळा. म्हणजे तुमच्या अडीच हजारांत फार तर सहा-सात अंक. वाचायला सव्वा-दीड तास. मग महिनाभर वाट बघा.

ज्याला अमेरिकन वाचक नुसतं 'ट्रेड' म्हणतात, त्या कागदी बांधणीच्या खंडात अशा पाच-सहा अंकांचा मजकूर एकत्र येतो. जाहिराती नसतात आणि सुट्या अंकांच्या बेरजेपेक्षा तो बहुतेक वेळा स्वस्त पडतो. 'सागा'चंच घ्या. मार्च 2012 मध्ये पहिला अंक आला तेव्हा किंमत होती 2.99 डॉलर. सहा अंकांचे झाले जवळजवळ अठरा डॉलर. त्याच सहा अंकांचा पहिला खंड प्रकाशकाने 9.99 ला काढला. नव्या वाचकाला आत ओढायचा तो उघड डाव होता, आणि आपण त्याला बळी पडायला काहीच हरकत नाही.

'द वॉकिंग डेड'बद्दल तर माझ्या मनात शंकाच नाही. मालिका 2003 मध्ये सुरू झाली, 2019 मध्ये संपली, एकूण 193 अंक. हे सगळे चार महाखंडांत मिळतात. पहिल्या तीन खंडांत प्रत्येकी 48 अंक, चौथ्यात 49. एकेका खंडाला हजाराच्या वर पानं. झोपून वाचायला जाल तर नाकावर आदळेल, एवढं लक्षात ठेवा. टेबलावर ठेवून, मध्ये जोर देऊन न उघडता वाचायची ही वस्तू आहे. एका महाखंडाला दोन महिन्यांचं बजेट लागेल, पण तो पुरतोही तेवढाच.

या मालिकेच्या शेवटाची एक गंमत सुटे अंक घेणाऱ्यांच्याच वाट्याला आली. 193 वा अंक शेवटचा आहे हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. लेखक रॉबर्ट कर्कमन याने दुकानदारांच्या मागणीपत्रकात 194 पासून पुढच्या अंकांचीही मुखपृष्ठं आणि माहिती टाकून ठेवली होती, आणि ते अंक कधी निघणारच नव्हते. जुलै 2019 मध्ये लोकांनी नेहमीचा अंक म्हणून जाडसर 193 हातात घेतला आणि शेवटच्या पानापाशी कळलं, की संपलं. खंड वाचणाऱ्याला हा धक्का बसूच शकत नाही, उजव्या हातातली पानं किती उरली ते त्याला दिसत असतं. तुमचे मित्र हा दाखला देतील, म्हणून आधीच सांगतो : तो धक्का आज जुने अंक विकत घेऊनही मिळणार नाही. तो त्या आठवड्यापुरताच होता. आता सगळ्यांना शेवट माहीत आहे, तुम्हालाही मी आत्ताच सांगून टाकला.

विकत घेताना एवढं बघा, की मूळ मालिका काळीपांढरी आहे. 2020 च्या ऑक्टोबरपासून तीच पुन्हा रंगीत करून सुट्या अंकांत काढायला सुरुवात झाली. दुकानात 'नवा' म्हणून समोर येतो तो हा रंगीत. वाईट नाही, पण चित्रकार चार्ली ॲडलार्डच्या काळ्या शाईची काही पानं रंगाखाली मवाळ होतात असं माझं मत आहे. महाखंड काळेपांढरे आहेत, तेच घ्या.

'सागा' अजून संपलेली नाही, म्हणून तिथे थोडा वेगळा विचार. जुलै 2018 मध्ये 54 वा अंक अगदी नको त्या वळणावर थांबवून दोघे निर्माते सुट्टीवर गेले ते थेट जानेवारी 2022 मध्ये परत आले. साडेतीन वर्षं सुटे अंकवाले आणि खंडवाले सारखेच लटकले. तेव्हा 'सुटा अंक घेतला की लवकर कळतं' हा फायदाही धरून चालता येत नाही. तुम्ही खंडांनी सुरुवात करा, महिन्याला एक. जिथवर खंड निघालेत तिथवर पोचलात आणि पुढचं काय झालं असेल म्हणून खरोखर झोप येईना, तर त्या एका मालिकेचे सुटे अंक लावा. तिथे सुट्या अंकात एक गोष्ट जास्तीची मिळते, ती म्हणजे शेवटी छापली जाणारी वाचकांची पत्रं. ईमेलच्या जमान्यात ही मंडळी पोस्टाने आलेलीच पत्रं छापतात, आणि ती पानं खंडांत घेत नाहीत. आपल्याकडे मासिक उघडलं की आधी वाचकांचा पत्रव्यवहार वाचणारी माणसं असायची, त्या जातीचे असाल तर तुम्हाला हे आवडेल. नसाल तर पैसे वाचले.

मित्रांच्या एका मुद्द्यात मात्र तथ्य आहे, ते नाकारत नाही. अमेरिकेत 1970 च्या दशकापासून कॉमिक्सची दुकानं जो माल मागवतात तो सहसा परत करता येत नाही. त्यामुळे दुकानदार हात आखडून, दीड-दोन महिने आधी, गिऱ्हाइकांनी सांगून ठेवलेल्या नावांवर मागणी नोंदवतो. नवी मालिका जगणार की सहाव्या अंकाला गुंडाळणार, हे पुष्कळदा या सुरुवातीच्या मागणीवर ठरतं. सगळेच 'खंड आला की घेऊ' म्हणत बसले तर काही मालिकांचा खंड येतच नाही. एखाद्या नव्या, फारसं नाव नसलेल्या चित्रकाराची मालिका तुम्हाला मनापासून हवी असेल, तर तेवढ्यापुरतं तुमच्या दुकानदाराला आधी सांगून सुटे अंक लावा. पण 193 अंक विकून संपलेल्या मालिकेला तुमच्या आधाराची गरज नाही.

खंडांनीही कलावंतांचं भलंच केलं असं नाही, हेही जाता जाता सांगतो. 'वॉचमेन' 1986-87 मध्ये बारा अंकांत आली. करार असा होता, की पुस्तक बाजारातून संपलं आणि प्रकाशकाने ते ठराविक काळ पुन्हा छापलं नाही, तर हक्क लेखक ॲलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स या दोघांकडे परत जातील. त्या काळी कॉमिक्सचा खंड वर्षानुवर्षं छापत राहण्याची पद्धतच नव्हती, त्यामुळे हक्क लवकरच परत येतील असं दोघांना वाटलं. एकत्रित खंड निघाला, खपत राहिला आणि आजतागायत संपलेला नाही. हक्क अजून प्रकाशकाकडेच.

आता खंड हातात घेतल्यावर काय बघायचं ते. दुकानात पुस्तक मधोमध उघडा आणि जोडपानावरचं चित्र शोधा. बोलण्याच्या फुग्यातली अक्षरं बांधणीच्या फटीत जात असतील, तर त्या पुस्तकाचं घरी रोज तोंड वाकडं करून बघावं लागेल. सुट्या अंकाला मध्ये दोन पिना असतात, तो सपाट उघडतो. नुसत्या डिंकावर चिकटवलेला जाड खंड तसा उघडत नाही. पुस्तकाची वरची कड डोळ्यांसमोर धरा. पानांच्या छोट्या छोट्या घड्या एकाशेजारी एक दिसल्या, तर बहुधा ते शिवलेलं आहे. अशा खंडाला शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी द्या.

दुसरं म्हणजे रंग. जुनी कॉमिक्स खरबरीत कागदासाठी रंगवलेली असतात. तेच रंग गुळगुळीत, चमकत्या कागदावर छापले की डोळ्यांत जातात, म्हणून कधी कधी सगळंच नव्याने रंगवतात. बॅटमनची 'द किलिंग जोक' 1988 मध्ये आली तेव्हा रंग जॉन हिगिन्सचे होते, भडक पिवळे आणि जांभळे. 2008 च्या आवृत्तीत चित्रकार ब्रायन बोलंडने ती स्वतः पुन्हा रंगवली, थंड आणि फिकट. आज दुकानात जी सहज मिळते ती ही दुसरी. बोलंडची चित्रं, त्याचा अधिकार, पण जत्रेतल्या त्या दुःस्वप्नाला पहिले भडक रंगच शोभतात असं मला वाटतं. असा रंगबदल झालेला असेल तिथे जुना सुटा अंक शोधायला अर्थ आहे, कारण तिथे आपल्या प्रश्नाचं उत्तर 'आहे काहीतरी' असं येतं.

मांगा किंवा टिनटिनकडे वळलात तर हा घोळ नाहीच. जपानी साप्ताहिकं हलक्या कागदावर, वाचून टाकून देण्यासाठीच छापतात आणि ठेवायची आवृत्ती म्हणजे नंतर निघणारा छोटा खंड. टिनटिन 1929 पासून साप्ताहिकात क्रमशः आला, पण जग त्याला अल्बममधूनच, म्हणजे नंतर निघालेल्या पुस्तकांतूनच ओळखतं.

आता ट्रंक.

'वेताळाचे अमेरिकेत खंड निघालेत, मग हे कशाला,' असं तुम्ही लिहिलंत. ते खंड आणि मामांचे अंक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ली फॉकचा वेताळ 17 फेब्रुवारी 1936 रोजी अमेरिकन वर्तमानपत्रांत सुरू झाला, रोज तीन-चार चौकटींची काळीपांढरी पट्टी म्हणून. हर्मीस प्रेस 2010 पासून जे खंड काढते आहे ते या पट्ट्यांचे. त्यांचा मान मोठा आहे, पहिल्या चित्रकाराचं, रे मूरचं, अंधारातलं काम बघायचं तर तेच घ्यावेत. पण मामांनी वाचलं ते हे नव्हे.

इंद्रजाल मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमनने सुरू केलं. पहिले 32 अंक फक्त वेताळाचे होते. मूळ पट्ट्या आडव्या, अंकाचं पान उभं, त्यामुळे चौकटी कापल्या, हलवल्या, पानांत बसेनात तेव्हा काही गाळल्याही. वर रंग चढवला. वेताळाचा देश मूळ पट्टीत बंगाला. भारतीय वाचकाला ते बंगालसारखं ऐकू येणार म्हणून इथे त्याचा डेंकाली झाला. मुळातले सिंग चाचे आपल्याकडे सिंगा झाले, त्याचंही कारण तुम्ही ओळखालच. सुरुवातीच्या काळातली पुष्कळ मुखपृष्ठं गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवलेली आहेत, ती अमेरिकन खंडांत असण्याचा प्रश्नच नाही. आणि या सगळ्यावर मराठी. मराठी बोलणारा वेताळ हवा असेल तर तो या पिवळ्या पडलेल्या पानांतच आहे.

बहादूरची गोष्ट तर आणखी सरळ. आबिद सुरती यांनी तो 1976 मध्ये इंद्रजालसाठीच निर्माण केला. वडील डाकू, मुलगा गावकऱ्यांना हाताशी धरून डाकूंशी लढणारा, अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. त्याचीही सुरुवातीची चित्रं ब्राह्मणियांचीच. हा नायक इथेच जन्मला, त्याची अमेरिकेत कुठली मूळ पट्टी नाही. ट्रंकेतले त्याचे अंक वरच्या थरात ठेवा.

त्यात जाहिरातीही असतील. ऐंशीच्या दशकातल्या अंकांत पॉपिन्स गोळ्यांच्या राम-श्यामची चित्रपट्टी सापडली, तर आईला नक्की दाखवा. खंड काढणारा प्रकाशक असली पानं पहिल्यांदा काढून टाकतो, आणि चाळीस वर्षांनी लोक तीच आधी उघडतात.

म्हणून बाइंडिंग नको. आईंची काळजी खरी आहे, सुटे अंक इकडेतिकडे जातात. घरोघरी 'चांदोबा'चे अंक वर्षावर्षाने बांधून ठेवायची चाल होती, तेच त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. पण बाइंडर काय करतो ते बघा. आधी पिना काढतो. मग अंकांची चळत कडेपासून आत टोचून शिवतो, म्हणजे आतल्या बाजूचा अर्धा-पाऊण सेंटिमीटर कायमचा शिवणीत गेला. मग तीन बाजू कटरखाली घालून सारख्या करतो. इंद्रजालच्या पानांना समास असा फारसा नसतो. कटर खाली आला की वरच्या चौकटीतल्या फुग्याची पहिली ओळ अर्धी होते. एखाद्या रद्दीवाल्याकडे असा जुना बांधलेला गठ्ठा दिसला तर वरची कड नीट बघा, 'अरे'मधल्या 'अ'चा डोक्याकडचा भाग गेलेला सापडेल. मामांनी काही अंक आधीच बांधून घेतले असतील तर ते मात्र सोडवायला जाऊ नका. तसेच राहू द्या.

त्याऐवजी असं करा. ट्रंक पत्र्याची असेल तर ती रिकामी करा. ठाण्याच्या पावसाळ्यात आत ओल धरते आणि सगळ्यात आधी पिना गंजतात. गंजाचा तांबडा डाग पानात उतरू लागला असेल, तरच नखाने हलक्या हाताने पीन सोडवून काढा. नुसती काळवंडली असेल तर हात लावू नका. प्रत्येक अंकाला पॉलिप्रॉपिलीनचं पारदर्शक पाकीट आणि पाठीमागे आम्लविरहित पुठ्ठा, दोन्ही कॉमिक्सच्या सामानात ऑनलाइन मिळतं. वह्यांना घालतो ते वास मारणारं, उन्हाळ्यात चिकटणारं प्लास्टिक वापरू नका, ते शाई ओढून घेतं. अंक खोक्यात उभे ठेवा. खोकं जमिनीला किंवा बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको. कसर लागली असेल तर ते अंक आधी वेगळे काढा. डांबरगोळ्या थेट पानांवर टाकू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर अजिबात नको, काही वर्षांत चिकटपट्टी सुटते आणि पिवळा पट्टा राहतो. ऊन दाखवायची हौसही आवरा. हा वर्तमानपत्री कागद आहे, उन्हात आणखी पिवळा आणि कडक होतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, की पंख्याखाली एक दिवस उघडे ठेवलेत तरी पुरे.

किमतीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी तुम्हाला लवकरच मोठे आकडे सांगेल. जे आकडे ऐकू येतात ते बहुतेक मागितलेले असतात, मिळालेले नव्हेत. विकायचे नसतील तर त्या वाटेला जाऊच नका.

भाचीला सुटे अंक. आठ वर्षांच्या मुलीला 32 पानांची एक गोष्ट एका बैठकीत संपवता येते, गादीवर, प्रवासात, जेवता जेवता, आणि कुठल्या क्रमाने वाचायचं ते तिचं तिला ठरवता येतं. अनंत पै यांनी 1967 मध्ये ही मालिका सुरू केली ती याच मापाने. राम वाईरकरांनी काढलेला 'कृष्ण' हा सुरुवातीचा अंक आजही मुलं एका दमात वाचतात. मराठीत मिळतील ते मराठीत घ्या. संच एकाच ठिकाणी हवा, तो म्हणजे महाभारत. 1980 च्या दशकात ते 42 अंकांत क्रमशः आलं, चित्रं दिलीप कदम यांची, आणि आता तीन जाड खंडांत मिळतं. तिथे एकेक अंक जमवत बसणं म्हणजे कुणाची तरी प्रतिज्ञा एका अंकात आणि तिचा परिणाम न मिळालेल्या दुसऱ्या अंकात. पण ते दहा-अकराव्या वर्षी, तिने स्वतः 'पुढे काय' विचारलं की. आत्ता दिलेत तर खंड कपाटाची शोभा होतील.

तेव्हा पहिल्या महिन्याचे अडीच हजार अमेरिकेला पाठवू नका. पाकिटं, पुठ्ठे, दोन खोकी आणि भाचीचे चार-पाच अंक, एवढ्यात ते बसतील. पुढचे दोन महिने मिळून 'द वॉकिंग डेड'चा पहिला महाखंड. तो वाचून होईतो 'सागा'चा पहिला खंड.

पाकिटं घालताना प्रत्येक अंकाचा क्रमांक वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढे जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर उभे राहिलात तर तोच अंक दुसऱ्यांदा घेणार नाही. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर एक चक्कर मारायला हरकत नाही. ऐंशीच्या दशकात इंद्रजालने सरळ क्रमांक सोडून खंड आणि अंक अशी पद्धत धरली, त्यामुळे पुढचे आकडे अचानक छोटे दिसले तर गोंधळू नका. आणि यादीत 123 व 124 समोर जागा रिकामी राहिली तर ते शोधत हिंडू नका. टाइम्समधल्या संपामुळे ते दोन अंक निघालेच नव्हते.